लांबच्या सायकल राईडला मोबाइलवरून लाइव्ह ट्रॅकिंग: या चुका टाळा

त्र्यंबकमार्गे जव्हार, वणीमार्गे सापुतारा किंवा कसारा घाट उतरून परत. नाशिकहून अशा राईडला निघताना घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवायची सवय आता बहुतेकांना आहे. तरी दुपारी घरी घालमेल सुरू होतेच, कारण ठिपका दोन तास मोखाड्याजवळ अडकलेला दिसतो. बऱ्याचदा स्वार व्यवस्थित पुढे गेलेला असतो, फक्त फोनने लोकेशन पाठवणं थांबवलेलं असतं. त्याचं मूळ सहसा निघण्यापूर्वीच्या सेटिंगमध्ये सापडतं.

आठ तासांनी संपणारं लोकेशन

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास, एवढंच चालतं. पहाटे पाचला सुरू केलेलं दुपारी एकला आपोआप बंद होतं. २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) मुदतच साडेतेरा तासांची असते, म्हणजे ऐन उन्हातले आणि थकव्याचे तास घरच्यांना दिसतच नाहीत. एकतर जेवणाच्या थांब्यावर ते न चुकता पुन्हा सुरू करा, नाहीतर गूगल मॅप्सवरून 'बंद करेपर्यंत' हा पर्याय निवडून शेअर करा. राईड रेकॉर्ड करणारं स्ट्राव्हा हे अ‍ॅप वापरत असाल तर त्यातली बीकन ही लाइव्ह लोकेशनची सोय सुरू करा. त्याची लिंक तीन जणांपर्यंत पाठवता येते आणि राईडचं रेकॉर्डिंग थांबवेपर्यंत ती चालू राहते.

रात्रीच्या राईडला रिचार्जची तारीखही बघा. पॅकची मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर मध्यरात्री डेटा बंद आणि ठिपकाही बंद.

फोनच अ‍ॅपला झोपवतो

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड मागे चालणारी अ‍ॅप्स आवरती घेतो. काही कंपन्यांचे फोन याबाबतीत फारच कडक असतात. सेटिंगमध्ये जाऊन ट्रॅकिंगच्या अ‍ॅपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, लोकेशनची परवानगी 'ऑल द टाइम' ठेवा, 'प्रिसाइज लोकेशन' चालू करा. फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' असेल तर तेही द्या. आयफोनवर परवानगी 'ऑलवेज' हवी.

आणि बॅटरी सेव्हर लावू नका. चार्ज वाचावा म्हणून तो हमखास लावला जातो, पण काही फोनमध्ये त्यामुळे स्क्रीन बंद असताना लोकेशनच मिळेनासं होतं. चार्ज वाचवायचा तर स्क्रीन बंद ठेवा, ब्लूटूथला काही जोडलं नसेल तर तेही बंद करा. सर्वांत जास्त चार्ज स्क्रीनच खाते.

मोठ्या राईडच्या आदल्या आठवड्यात गंगापूर धरणापर्यंत एक फेरी मारा. फोन लॉक करून खिशात ठेवा, वाटेत हात लावू नका आणि घरी कुणाला तरी ठिपका बघत बसायला सांगा. सेटिंग चुकलं असेल तर इथेच कळेल.

घाटातली रेंज

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उपग्रहांच्या सिग्नलवरून फोन आपली जागा स्वतःच काढतो, ती घरी पोचवायला मात्र डेटा लागतो. म्हणून त्र्यंबक सोडून आंबोली घाट उतरताना रेंज गेली, तर राईडचं रेकॉर्डिंग नीट चालू राहतं, फक्त घरचा ठिपका थांबतो. रेंज आली की तो एकदम पुढे उडी मारतो. अशा वेळी घाबरून अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडू नका, चालू रेकॉर्डिंग तुटू शकतं. एअरप्लेन मोड लावला तर ट्रॅकिंगला अर्थच उरत नाही.

दोन सिम असतील तर ती वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा आणि डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर जाण्याचं सेटिंग फोनमध्ये असेल तर चालू करा. सापुतारा गुजरातमध्ये येतं, त्यामुळे डेटा रोमिंगही चालू हवं, नाहीतर काही फोनमध्ये हद्द ओलांडताच नेट जातं.

कमकुवत रेंजमध्ये फोन सतत टॉवर शोधतो आणि बॅटरी भराभर उतरते. पॉवर बँक लागतेच.

पॉवर बँकेचा चुकीचा हिशेब

१०,००० एमएएच लिहिलेली बँक फोनला तेवढं देत नाही. आतल्या सेलचा दाब ३.७ व्होल्ट, बाहेर ५ व्होल्ट, वर थोडी गळती, म्हणजे हाती साधारण ६,००० ते ६,५०० येतं. ५,००० एमएएचचा फोन त्यात एकदा पूर्ण भरतो, वर थोडं उरतं. फोन पाच टक्क्यांवर येईपर्यंत थांबू नका, चाळीसच्या आसपास असतानाच लावा. फोन आणि बँक टॉप ट्यूबच्या (सीट आणि हँडलमधल्या वरच्या दांडीच्या) एकाच बॅगेत ठेवा, केबल आखूड घ्या. लांब केबल खड्ड्यांत हलते आणि चार्जिंग पिन सैल करते. एप्रिल-मेमध्ये काळ्या बॅगेत, उन्हात, चार्जिंग चालू असताना फोन इतका तापतो की तो स्वतःच चार्ज घेणं थांबवतो. ते काम चहाच्या टपरीवर, सावलीत करा. पावसाळ्यात पोर्ट ओला झाला तरी हेच होतं, म्हणून फोन आधीपासूनच झिपलॉक पिशवीत हवा.

बघणाऱ्याला काहीच न सांगणं

घरी बघणाऱ्याला ठिपक्याशेजारची वेळ वाचायला शिकवा. 'आत्ता' दिसतंय आणि ठिपका हलत नाही, म्हणजे स्वार खरंच थांबलाय. '४० मिनिटांपूर्वी' दिसतंय, म्हणजे फोन संपर्कात नाही, स्वार कुठे आहे ते ठाऊक नाही. दोन्हींत काय करायचं ते आधीच ठरवा. पहिल्यात अर्धा तास वाट बघून फोन. दुसऱ्यात रेंज नसलेल्या टप्प्याचा अंदाज धरून तासभर थांबा, मग एसएमएस करा. डेटा चालत नाही तिथेही तो कधीकधी पोचतो. मग सोबतच्या स्वाराला फोन, आणि तरीही पत्ता नसेल तर ११२ हा आपत्कालीन नंबर. सोबत्यांचे नंबर आणि थांब्यांची यादी घरी कागदावर लिहून ठेवा.

लिंक शंभर जणांच्या ग्रुपवर टाकू नका. तुमचं घर कुठे आहे आणि ते कधी रिकामं असतं, हे त्यातून सगळ्यांना कळतं. तीन-चार विश्वासाची माणसं पुरेत. ट्रॅकिंग घराजवळच्या चौकातून सुरू करा आणि परतल्यावर आंघोळीला जाण्याआधी बंद करा, विशेषतः 'बंद करेपर्यंत' निवडलं असेल तर.