सेकंडहँड आय-२० एन लाइन घेताय? इंजिनाआधी गिअरबॉक्स बघा

ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनच्या नावातला ‘एन’ बघून अनेकांना वाटतं की या गाडीत जास्तीची ताकद असणार. तसं काही नाही. युरोपात विकली गेलेली आय-२० एन ही १.६ लिटर, २०४ पीएस ताकदीची वेगळीच चीज. ती भारतात कधी आलीच नाही. आपल्याकडच्या एन लाइनमध्ये ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे, १२० पीएस आणि १७२ न्यूटन-मीटर टॉर्कचं. २०२० च्या साध्या आय-२० टर्बोत होतं तेच. पॅकेजचे जास्तीचे पैसे गेलेत ते कडक सस्पेन्शन, थोडं जड स्टीअरिंग, मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक आणि दोन तोंडांचा सायलेन्सर यांत. म्हणजे खड्डे आणि ब्रेक यांनी जे झिजतं, नेमकं तेच या गाडीत महाग आहे.

आधी कोणतं मॉडेल हवं ते ठरवा. सप्टेंबर २०२१ ला आलेल्या गाडीत दोन पर्याय होते: आयएमटी, म्हणजे गिअर हातानं टाकायचे पण क्लचचं पेडल नाही, आणि ७ गिअरचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. सप्टेंबर २०२३ च्या सुधारित मॉडेलमध्ये आयएमटी गेला आणि पेडलवाला ६ गिअरचा मॅन्युअल आला. सहा एअरबॅगही सगळ्या व्हेरिएंटना मिळाल्या. त्याच वेळी साध्या आय-२० मधून टर्बो इंजिन काढून टाकलं, त्यामुळे त्यानंतरची टर्बो हवी असेल तर एन लाइनच घ्यावी लागते. आरसीवरच्या तारखेवर विसंबू नका, जुना स्टॉक उशिरा पासिंग झालेला असू शकतो. हातानं गिअर टाकायची गाडी असेल तर पायाखाली क्लचचं पेडल आहे का ते बघा.

आमचं मत विचाराल तर घाटात आणि हायवेवर मजेसाठी गाडी घेणाऱ्यानं २०२३ नंतरची मॅन्युअल घ्यावी. आयएमटी स्वस्तात मिळते, पण हाफ क्लच तुमच्या पायात नसतो. सेन्सर आणि हायड्रॉलिक यंत्रणा क्लच दाबते. ती बिघडली तर गल्लीतल्या गॅरेजवाल्याचा उपयोग नाही, सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं.

डीसीटी बघताना ट्रायल रात्री मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. त्यातले दोन्ही क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते अर्धवट धरलेल्या अवस्थेत घासत राहतात आणि तापतात. म्हणून वीस-पंचवीस मिनिटं गर्दीत चालवा, मग एखाद्या चढावर थांबून पुन्हा उचला. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गचके बसत असतील, गाडी थरथरत असेल किंवा मीटरवर ट्रान्समिशन तापल्याचा इशारा आला, तर सौदा तिथेच सोडा. गाडी घेतल्यावरही हे लक्षात ठेवा: ब्रेक पूर्ण दाबून उभं राहिलात तर क्लच सुटलेला असतो, नुकसान नाही. चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की क्लचची वाट लागते. पुढच्या गाडीला थोडं अंतर जाऊ द्या आणि मग एकदाच हला.

मॅन्युअल आणि आयएमटीची परीक्षा सोपी. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये १८०० आरपीएमला या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा झपकन वर गेला पण वेग त्या मानानं वाढला नाही, तर क्लच स्लिप होतोय.

इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा. मालकाला आदल्या दिवशी तसं सांगा, आणि पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर काहीतरी लपवलं जातंय असं समजा. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि तेलाच्या वाफेचा कार्बन त्यांच्यावर बसतो. रनिंग जास्त झालेल्या गाडीत सकाळी सुरू करताना मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळणं, जाणवलं तर हे एक कारण असू शकतं. टाकीत ॲडिटिव्ह ओतून तो निघत नाही, कारण ते व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. ऑइल कधी बदललंय त्याची बिलं मागा. टर्बो गाडीत बदलाला उशीर म्हणजे टर्बोच्या बेअरिंगशी खेळ. ताम्हिणी किंवा वरंधा दाबून चढून आलात तर लगेच चावी बंद करू नका, अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवा.

आता खाली वाका. पुढच्या बंपरखालची लाल पट्टी स्पीडब्रेकर पहिल्यांदा घासतात. ओरखडे नुसते रंगाचे आहेत की क्लिपाही तुटल्यात ते हलवून बघा. रिमच्या आतल्या कडेवर बोट फिरवा. खड्ड्यानं वाकलेली रिम बाहेरून छान दिसते, पण आतून उंचवटा लागतो. टायर १९५/५५ आर १६ आहेत. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं: ३४२१ म्हणजे २०२१ चा ३४ वा आठवडा. टायर आतल्या बाजूनं जास्त झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा सस्पेन्शनला मार बसलाय.

लाल कॅलिपरला भुलू नका. डिस्कच्या कडेला नख लावा. जाड काठ लागला तर डिस्क झिजलीय. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियरनं मोजता येते. मागच्या डिस्कही चाकाच्या जाळीतून टॉर्च मारून बघा, त्या सगळेच विसरतात.

सायलेन्सर मूळचा आहे का, ईसीयू रिमॅप केलाय का, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललीय का, हे सरळ विचारा आणि उत्तर लेखी घ्या. रिमॅप झालेल्या गाडीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि इन्शुरन्सला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो.

पैसे देण्याआधी परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकून ई-चलान बघा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही घ्या, कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५ ही. घासाघीस मात्र त्याआधी: चार टायर, पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क यांचा भाव सर्व्हिस सेंटरमधून काढून कागदावर मांडा, आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगा.