काटा मेला म्हणून लगेच टाकी उघडू नका

आयटीआय करून आलेल्या पोराला ट्रकच्या गॅरेजात पहिल्याच आठवड्यात पंप आणि नोझलला हात लावायचा असतो. एक वर्षाचा डिझेल मेकॅनिक असो की दोन वर्षांचा मोटर व्हेईकल, सगळ्यांची नजर इंजिनावर. मी आमच्या उसगाव-फोंडा पट्ट्यात नव्या पोराला आधी डिझेलच्या काट्याचं काम देतो. डॅशबोर्डवर गेज, तिथून टाकीपर्यंत एक वायर, टाकीत फ्लोटवालं (तरंगत्या गोळ्याचं) युनिट आणि करंट परत यायला अर्थ, म्हणजे अर्थिंग. सर्किट एवढंच. पण हे ज्याला नीट शोधता आलं, त्याला पुढे टेंपरेचरचा आणि ऑइल प्रेशरचा काटा वेगळा शिकवावा लागत नाही. अडचण एकच, काटा हलत नाही म्हटलं की बहुतेक पोरं पाना घेऊन थेट टाकीवर चढतात.

आपल्याकडे हे काम इतकं का येतं, ते आधी समजून घ्या. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. मधे थोड्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा सामसूम. डिचोली, साखळी, उसगाव, कुडचडे, जिथे जाल तिथे टिपर उभे. बऱ्याच गाड्या अर्ध्या रिकाम्या टाकीनिशी पावसाळ्यामागून पावसाळे उभ्या राहिल्या. टाकीतल्या मोकळ्या जागेत दमट हवा शिरते, रात्री पत्रा थंड झाला की आतून पाणी धरतं, आणि डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाला बसतं. मग टाकीला आतून गंज, युनिटच्या दांडीच्या खिळीला गंज, दांडी जिच्यावर घासत फिरते त्या तार गुंडाळलेल्या पट्टीवर काळा थर. आता त्यांतल्या कित्येक गाड्या खडी, चिरे आणि माती वाहतात. मालकाला त्यांच्यावर फार पैसे घालायचे नसतात, पण डिझेलचा हिशोब मात्र हवा असतो.

हिशोबाचं सांगायलाच हवं. काटा बंद असलेल्या गाडीवर ड्रायव्हर आणि शेट यांच्यात रोज कुरबुर. शेट म्हणतो, काल भरलेलं डिझेल गेलं कुठे. ड्रायव्हर टाकीत काठी घालून दाखवतो. काठी तिरकी गेली की माप चुकतं आणि भांडण वाढतं. दुसरं असं की डिझेल गाडी कोरडी पडली तर पंपावरून कॅन आणून ओतलं आणि सेल्फ मारला, एवढ्यावर सुटका होत नाही. लाइन हवा धरते. मग फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करा, फीड पंपाचा हँड प्रायमर मारत बसा, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या, तरी नाही जमलं तर नोझलच्या पाइपांचे नट सैल करून सेल्फ मारा. हे सगळं अनमोड घाटात भर पावसात करायची पाळी आली की ड्रायव्हरला काट्याची किंमत कळते.

आता तपास. गाडी आली, ड्रायव्हर म्हणाला, "कांटो हालना." तुम्ही विचारायचं: कुठे अडकलाय? रिकाम्यावर पडून आहे, फुलवर चिकटलाय, अर्ध्यावर थांबतो, की नाचतो? चढ-उतारावर थोडा हलणं हा दोष नव्हे, टाकीतलं डिझेलच हलत असतं. सपाट रस्त्यावर अर्ध्याजवळ एकदम खाली पडून परत वर येत असेल, तर युनिटची पट्टी त्या जागी झिजली असण्याचा संशय घ्या. टाकी जास्त वेळ ज्या पातळीला राहते, तिथेच पट्टी जास्त घासते. आणि टेंपरेचरचा काटाही सोबत वेडावाकडा असेल, तर टाकीकडे जाऊच नका. फ्यूज, गेजचा स्टॅबिलायझर (काट्यांना एकसारखे व्होल्ट देतो तो) किंवा डॅशबोर्डचा अर्थ बघा. दोन युनिटं एकाच दिवशी सहसा मरत नाहीत.

मग टाकीजवळ जा, पण झाकण न उघडता. युनिटवरची वायर काढा. फ्लँजवर, म्हणजे युनिटच्या वरच्या स्क्रूवाल्या चकतीवर, दोन टर्मिनल असतील तर एक काट्याचं आणि दुसरं डिझेल संपत आल्याच्या दिव्याचं. जी आणि डब्ल्यू अशी अक्षरं असतात, आपल्याला जी हवं. चावी ऑन करा, वायर मोकळी असताना काटा कुठे जातो ते पाहा. नंतर तीच वायर चॅसीच्या स्वच्छ लोखंडाला लावा. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाला तर गेज आणि वायर दोन्ही ठीक. कोणतं टोक फुल आणि कोणतं रिकामं हे गेजच्या जातीवर आहे, त्यात अडकू नका. दोन्हीकडे जातो की नाही एवढंच बघा. जुन्या गेजात गरम होऊन वाकणारी पट्टी असते, तो काटा सावकाश चालतो. त्याला वायर थेट अर्थावर धरून ठेवू नका. मधे छोटा बल्ब घाला आणि काटा निघाला की वायर काढा. बरेच जुने ट्रक २४ व्होल्टचे, तेव्हा कारचा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प इथे आणू नका.

गेज आणि वायर ठीक निघाले की पोरं म्हणतात, मग युनिटच गेलं. थांबा. अजून अर्थ राहिला.

जुन्या ट्रकची टाकी चॅसीच्या बाजूला ब्रॅकेटवर बसते आणि वरून पट्टे आवळलेले असतात. पट्ट्याखाली आणि ब्रॅकेटवर रबर असतं, पत्रा घासू नये म्हणून. म्हणजे टाकी चॅसीला टेकलेली दिसते, पण विजेच्या हिशोबाने ती हवेत आहे. अर्थाची वेगळी वायर असते, आणि ती नेमकी चिखल उडतो त्याच जागी. बोटाने ओढून बघाल तर वायर मजबूत वाटेल. थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या कडीखाली) मात्र हिरवा-पांढरा चुरा. वरून कोणीतरी टाकी रंगवताना थिंबलवरूनच ब्रश फिरवलेला. काढलेली वायर युनिटला परत लावा, चावी ऑन करा. एक जंपर वायर घ्या, एक टोक युनिटच्या फ्लँजच्या स्क्रूवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. काटा जागा झाला तर काम संपलं. मल्टिमीटर असेल तर फ्लँज आणि बॅटरी निगेटिव्हच्या मधे व्होल्ट मोजा, चावी ऑन ठेवून. जवळजवळ शून्य यायला हवं. एक-दोन व्होल्ट दिसले तर अर्थ खराब. मग पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासायचं, नवं थिंबल क्रिंप करून लावायचं, वरून ग्रीस. आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या हवेत आधी अर्थच सडतो, म्हणून माझा पहिला संशय नेहमी त्याच्यावर. युनिट बदलून बिल मोठं करता येतं, पण सहा महिन्यांनी तोच काटा परत मेला तर गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजात जातं.

अर्थही ठीक निघाला, तर आता टाकी. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. डिझेल पेटत नाही असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका: भारतीय मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश एवढाच सांगितलाय, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या टाकीचा पत्रा त्याच्या वर सहज जातो. जवळ वेल्डिंग, ग्राइंडर, बिडी काही नको. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर थोडं डिझेल काढा, नाहीतर स्क्रू सैल होताच बाहेर येईल.

यापुढचं काम कंटाळवाणं आहे, पण तेच महत्त्वाचं. टाकीचा वरचा भाग धुवा. खाणीवर चाललेल्या गाडीत फ्लँजच्या कडेला लाल धूळ डिझेलमध्ये कालवून लगदा झालेली असते, स्क्रूच्या खाचेत इतकी घट्ट की पेचकस बसत नाही. खिळ्याने खाचा साफ करा, ब्रशने डिझेल लावून पुसा. ही धूळ आत गेली तर फिल्टरमध्ये सापडेल, आणि फिल्टरने सोडली तर पंपात. स्क्रू अडले तर गंज सोडवणारं तेल मारून चहा पिऊन या. मुंडी तुटली की अर्ध्या तासाचं काम दिवसभराचं होतं.

युनिट सरळ वर ओढू नका. दांडी आणि फ्लोट तिरके करून बाहेर येतात. बाहेर आलं की लगेच भोकावर स्वच्छ कापड टाका. मग बाजूला नेऊन मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक प्रोब टर्मिनलवर, एक फ्लँजवर, आणि दांडी बोटाने हळूहळू वर न्या. आकडा सरळ वाढत किंवा कमी होत गेला पाहिजे. मधे उडाला, किंवा मीटर एकदम ओपन दाखवू लागलं, तर पट्टी तुटली. पट्टी ठीक असेल तर फ्लोट कानाजवळ हलवा. आत डिझेल खळखळलं तर भोक पडलंय. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवून धरलात तर आतली हवा फुगते आणि जिथून बारीक बुडबुड्यांची माळ निघते तिथे भोक. काटा रिकाम्यावर पडून राहण्याचं हेही एक कारण, आणि तेव्हा काही युनिटांत नुसता फ्लोट बदलून भागतं.

नवं युनिट घ्यायला जाताना जुनं सोबत न्या. दुकानदार "सगळ्यांना चालतं" म्हणून जे देईल ते घेऊ नका. भोकांची जागा आणि दांडीची लांबी तर जुळलीच पाहिजे, पण ओहमसुद्धा जुळले पाहिजेत. व्हीडीओ (VDO) कंपनीच्या धर्तीच्या युनिटात रिकामी टाकी १० ओहम आणि भरलेली १८० ओहमच्या आसपास; अमेरिकन धर्तीत रिकामी २४० आणि भरलेली ३३. दोन्ही उलट चालतात. जात चुकली तर टाकी फुल केल्यावर काटा रिकाम्याकडे जाईल आणि तुम्ही वायरिंग उचकत बसाल. जुनं युनिट मेलेलं असलं तरी एका टोकाचा आकडा बहुधा मिळतो, त्यावरून जात ओळखता येते.

बसवण्याआधी टाकीपासून लांब, बॅटरी परत जोडून, नवं युनिट वायरला आणि अर्थाला लावा, मग चावी ऑन करा. हाताने दांडी वर, खाली. काटा रिकामं, अर्धं, फुल दाखवतो का बघा, सावकाश गेजला अर्धा मिनिट द्या. मग निगेटिव्ह पुन्हा काढून युनिट आत घाला. फ्लोट सक्शनच्या पाइपला किंवा टाकीतल्या आडव्या पत्र्याला अडत नाही ना, हे झाकण बसवण्याआधी पाहा. जुनं गॅस्केट परत वापरू नका. काही जण वरून सिलिकॉन फासतात, ते मला पटत नाही. साधं सिलिकॉन डिझेलने फुगतं आणि त्याचे तुकडे टाकीत पडतात. स्क्रूखाली वॉशर घाला, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा. एकाच बाजूने आवळलंत तर फ्लँज वाकतो आणि टाकीवर साचलेलं पावसाचं पाणी तिथूनच आत जातं.

गाडी देण्याआधी टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग सैल करून पाणी काढा. भांड्यात आलेलं डिझेल थोडा वेळ ठेवलं की खाली पाण्याचा थर दिसतो, तो मालकाला दाखवा. नंतर शक्य असेल तर टाकी पंपावर फुल करून घ्या आणि गॅस्केटच्या कडेने बोट फिरवा. ओलं लागलं तर तिथेच स्क्रू परत आवळा. शोधायचे पैसे आणि बसवायचे पैसे बिलात वेगळे लिहा, आणि शेटला ते गाडी आत घेतानाच सांगा. फक्त अर्थ साफ करून गाडी चालू झाली तर "काय केलंस, नुसती वायर घासलीस" असं ऐकावं लागतं. तेव्हा आधी बोललेला आकडाच उपयोगी पडतो.