मदरबोर्ड कॅबिनेटात बसेना? या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, खानापूर भागात बरेच जण मदरबोर्ड-प्रोसेसर ऑनलाइन मागवतात आणि कॅबिनेट गावातल्या दुकानातून आणतात. कुरियरनं चेपून येण्यापेक्षा हातानं बघून घेतलेलं बरं, हेही खरंच. पण दुकानात "एटीएक्स बसतंय काय?" (एटीएक्स म्हणजे बोर्डाचं एक ठरलेलं माप) एवढंच विचारलं तर "बसतंय की!" हे उत्तर ठरलेलं. माप मिलिमीटरमध्ये विचारा.

एटीएक्स बोर्ड 305 × 244 मिमी, मायक्रो एटीएक्स 244 × 244, मिनी आयटीएक्स 170 × 170. मोठ्या कॅबिनेटात लहान बोर्ड बसतो, लहानात मोठा नाही. ई-एटीएक्स या नावावर मात्र विसंबू नका. ते माप 330 मिमी रुंदीपर्यंत जातं, पण 244 पेक्षा जरा रुंद बोर्डालाही कंपन्या तेच नाव लावतात. बोर्ड कसाबसा बसतो आणि शेजारची केबलची भोकं झाकून टाकतो.

खरी गडबड स्टँडऑफची

बोर्डाखाली पत्र्यावर ज्या पितळी खुंट्या असतात, ते स्टँडऑफ. बऱ्याच कॅबिनेटात ते एटीएक्सच्या हिशेबानं आधीच बसवलेले येतात. मायक्रो एटीएक्सची सर्वांत खालची ओळ वेगळ्या भोकांवर पडते, म्हणून तिथले स्टँडऑफ हलवावे लागतात. बोर्डात भोक नाही तिथं खाली एखादा राहिला, तर तो मागच्या सोल्डरला टेकतो आणि शॉर्ट होतो. मग बटण दाबलं की पंखा जरासा फिरून थांबतो, किंवा काहीच होत नाही. लोक आधी एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) दोष देतात आणि नवा आणतात. तो खर्च फुकट.

त्याआधी बोर्ड बाहेर काढा, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर, रॅम आणि दोन्ही पॉवर केबल जोडा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही लावा. बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडा. बाहेर चालू, आत बंद? मग आधी खुंट्या मोजा.

स्वस्तातले मायक्रो एटीएक्स बोर्ड 244 पेक्षा अरुंद असतात, त्यामुळे उजवी कड आधाराविना लोंबते. तिथं 24 पिनांची केबल जोरात दाबली की बोर्ड वाकतो. खालून बोटाचा आधार द्या, आणि रॅम कॅबिनेटात घालण्याआधीच बसवा.

सेकंड-हँड ब्रँडेड पीसी घेताना

ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपचं कॅबिनेट ठेवून आत नवा बोर्ड घालायचा बेत पुष्कळदा फसतो. बऱ्याच मॉडेलांत भोकं, पुढच्या बटणांचा कनेक्टर, एसएमपीएसची वायर, सगळं कंपनीचं स्वतःचं. माझं मत विचाराल तर त्या खोक्यावर वेळ घालवू नका.

मिनी आयटीएक्सच्या छोट्या कॅबिनेटात बोर्ड बसला तरी कूलरची उंची, ग्राफिक्स कार्डची लांबी आणि एसएमपीएस एसएफएक्स (लहान मापाचा) लागतो का, हे आधीच बघा. आणि मागची आय-ओ प्लेट (पोर्टभोवतीचा पत्रा) वेगळी आली असेल तर सगळ्यात आधी लावा, नाहीतर बोर्डाचे सगळे स्क्रू पुन्हा उलटे फिरवायचे.