फौजी गावाक येतो आणि खाडीत मढं सापडतं: कोकणातली खुनाची कादंबरी लिहायची तर

सैन्यातून परत आलेला, आतून हललेला माणूस आणि त्याच्या गावात पडलेला खून, या विषयावर लिहायला बसणारे बहुतेक जण पहिल्याच पानावर चुकतात, कारण तिथे पांढऱ्या मिशांचा म्हातारा सुभेदार येऊन बसतो. अहो, अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई सतराएक वर्षं काढून पेन्शनवर येतो तेव्हा तो जेमतेम छत्तीसचा असतो. पोरं शाळेत, बरोबरीचे सगळे मुंबईला आणि हा भर दुपारी पडवीत एकटा. इथून सुरू करा.

माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, ट्रेनिंग बेळगावला, मग बरीच वर्षं काश्मीर. ते घरी आले तेव्हा मी सहावीत होतो. तिकडचं अवाक्षर बोलायचे नाहीत, पण पंगतीला कायम भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसायचे, रात्री मागल्या दाराची कडी तीनतीनदा बघायचे, जेवण झालं की स्वतःचं ताट घासून पालथं घालायचे, आजीला ते लागायचं, ती म्हणायची "अरे, घरात आलास ना आता?" गणपतीत कोणी सुतळी बॉम्ब लावला की मामा मांगरात जाऊन गवताच्या भाऱ्यांमागे बसायचे. मी एकदा तांब्या घेऊन गेलो तर माझं मनगट धरलं, सोडायचंच विसरले, हात बर्फासारखा गार. माणसाचा त्रास असा दिसतो. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार, हा शब्द पुस्तकात एकदा आला तरी पुरे, तोही डॉक्टरच्या तोंडी.

आणि कृपा करून शेवटी "झोपेत मीच मारलं" हे करू नका. अशा माणसांकडे गाव आधीच घाबरून बघतं, त्यात आपण भर घालायची नाही, आणि रहस्यकथा म्हणूनही ती वाचकाची फसवणूकच आहे. त्याच्या सवयीच तपासाला लावा. रात्रभर जागा असतो म्हणून त्याला होडीचा आवाज ऐकू येतो, आणि रात्री हाच जागा होता म्हणून पहिला संशयही त्याच्यावरच. बंदूक टाळा. सर्व्हिस रायफल घरी येत नाही, गावात असते ती माकडं-डुकरांसाठी शेती संरक्षणाच्या परवान्याची, आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत तीही बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा असते.

आता खाडी, इथे मात्र वेळ द्या, कारण कोकणातला वाचक भरतीची वेळ चुकली की पुस्तक मिटतो. जुना हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास सुकती, म्हणजे ओहोटी. शिवाय अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाण्याला अमावस्या-पुनवेच्या उधाणासारखी ओढ नसते. समजा तुमच्या खुन्याने अष्टमीच्या रात्री मढं खाडीत लोटलं, वाटलं समुद्रात जाईल, पण ते दोन दिवसांनी फुगून तिथेच तिवरांच्या मुळांत अडकलेलं सापडलं. म्हणजे खुनी गावचा असला तरी खाडीवर वाढलेला नाही. एवढ्या एका गोष्टीवर अर्धी संशयितांची यादी गळते!

दुसरा धागा पाण्याचाच. माणूस जिवंतपणी बुडाला तर पाण्यातले डायाटम, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, रक्तातून हाडांच्या मगजापर्यंत पोचू शकतात, आणि गोड्या पाण्यातले वेगळे, खाऱ्यातले वेगळे. मढं खाडीत पण डायाटम गोड्या पाण्यातले, तर बुडवलं कुठे? माळावरच्या जुन्या चिरेखाणीत, पावसाचं पाणी साठलेलं असतं तिथे. फक्त हे जुलै-ऑगस्टात लिहू नका, तेव्हा पुराने खाडीच गोडी झालेली असते. तुळशीच्या लग्नाच्या आसपास ठेवा, खाणीत पाणी असतं आणि खाडी परत खारी व्हायला लागलेली असते.

खुनाचं कारण शोधायला लांब जाऊ नका, सातबारा उघडा. सामायिक जमीन, वीस-पंचवीस नावं, निम्मे चाकरमानी, आणि हा फौजी वर कुठेतरी पोस्टवर असताना फेरफाराची नोटीस आली, हरकतीचे १५ दिवस निघून गेले आणि संमतीच्या कागदावर त्याची सही झालेली. सही कोणी केली? त्या तारखेला तो गावात नव्हता हे त्याच्या रजेच्या नोंदीच सांगतात, त्या काळ्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या. यात गंमत अशी की ह्याच कागदाने त्यालाही खुनाचं कारण मिळतं, म्हणून तो कागद त्याने पोलिसांना दाखवावा की नाही या प्रश्नावर मधली शंभर पानं आरामात उभी राहतात.

पोलिसांचं थोडक्यात. आधी पोलीस पाटील, मग ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन, खुनाचा गुन्हा नंतर. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर कलम ३०२, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं १०३. आणि गाव समांतर तपास करणारच, देवळात गाऱ्हाणं घालून कौल लावणार. तो प्रसंग नक्की घ्या, सगळा गाव हात जोडून उभा आणि खुनीही त्यात, त्याच्या चेहऱ्यावर खरोखर भक्ती दिसू द्या.

बोली एकाच गावची ठेवा. मालवणात "खय गेललंस" चालतं, तेच संगमेश्वरच्या म्हातारीच्या तोंडी घातलंत तर दोन्हीकडचे लोक रागावतील, जमत नसेल तर साधं बोलू दे तिला.

शेवटच्या प्रकरणात खुनी सापडला म्हणून फौजी लगेच बरा होत नाही, त्याला झोप तशीच नाही, कडी तशीच तीनदा. गावातलं कोणी माफी मागायलाही येत नाही, तशी पद्धतच नाही आपल्याकडे. सकाळी तो दार उघडतो तर पायरीवर कोणीतरी बांगडा मासळीचा वाटा ठेवून गेलेलं असतं, केळीच्या पानात, वर पाण्याचे थेंब अजून तसेच.