पिकअपच्या खालून येणारा आवाज: क्राउन उघडण्याआधी काय तपासावे

काटोल-नरखेडकडून संत्र्याचे क्रेट कळमन्याच्या बाजारात उतरवून रिकामी परतणारी पिकअप खालून घोंगावू लागली, की चालक म्हणतो ‘क्राउन वाजते आहे’ (क्राउन म्हणजे मागच्या आसातील, चाके फिरवणारे मोठे दातेरी चक्र) आणि गॅरेजवाला म्हणतो ‘बेअरिंग गेले’. दोघांपैकी कोणाचेही म्हणणे खरे निघू शकते. मात्र गिअरबॉक्स, जॉइंट शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा दांडा), हाउसिंग (मागच्या आसाची, क्राउन असलेली पेटी) आणि चाके यांचे आवाज एकाच चॅसिसमधून केबिनपर्यंत येतात, त्यामुळे सीटवर बसून आवाजाची जागा सांगणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. तेव्हा आवाज कोठून येतो हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून तो केव्हा येतो, कशाने वाढतो आणि काय केले की थांबतो, याची नोंद आधी करावी. गाडी गॅरेजला नेण्यापूर्वी चालकाने स्वतः अर्धा तास दिला, तर पुढचा बराचसा खर्च योग्य जागी होतो.

पहिली शंका रस्त्याची आणि टायरची घ्यावी. नागपुरातील बरेच मोठे रस्ते आता सिमेंटचे आहेत आणि त्यांच्या खरबरीत पृष्ठभागावर चांगले टायरही गुणगुणतात. त्यामुळे ज्या वेगाला आवाज येतो, त्याच वेगाने डांबरी रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. पृष्ठभाग बदलताच आवाजाचा सूर बदलला तर दोष टायरचा किंवा नुसता रस्त्याचाच असतो, कारण गिअर आणि बेअरिंग यांना खाली डांबर आहे की सिमेंट याने फरक पडत नाही. मागच्या टायरच्या नक्षीवरून हाताचा तळवा आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर टायर तिरपा झिजला आहे आणि आवाजाचे कारण बहुधा तेथेच सापडले.

यानंतरची चाचणी सर्वांत उपयोगाची आहे. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत सुटीच्या दिवशी रिकामा, सरळ रस्ता मिळतो; तेथे काच खाली करून कंपाउंडच्या भिंतीलगत गाडी चालवली तर खालचा आवाज भिंतीवर आपटून परत कानावर येतो आणि स्पष्ट ऐकू येतो. ताशी 50 किलोमीटरच्या आसपास आवाज सुरू झाला, की क्लच दाबून गाडी न्यूट्रल करावी आणि इंजिन आयडलला येऊ द्यावे. किल्ली मात्र कधीही बंद करू नये, कारण इंजिन थांबले की ब्रेकचा आणि पॉवर स्टिअरिंगचा आधार जातो आणि स्टिअरिंग लॉकही होऊ शकते. न्यूट्रलमध्ये आवाज लगेच थांबला तर कारण इंजिन, क्लच, गिअरबॉक्स किंवा भाराखाली वाजणाऱ्या गिअरच्या दातांमध्ये आहे. तो तसाच राहून गाडीच्या वेगाबरोबर मंदावत गेला तर शाफ्ट, हाउसिंग, चाकांचे बेअरिंग किंवा टायर यांच्याकडे वळावे.

क्लच आणि गिअरबॉक्सची तपासणी उभ्या गाडीत होते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना घरघर येत असेल आणि क्लच पूर्ण दाबल्यावर ती थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (इंजिनकडून ताकद घेणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग किंवा त्याच्याबरोबर फिरणारा भाग संशयित ठरतो. उलट क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबताना त्यावर जोर देणारे बेअरिंग) झिजले आहे. चालत्या गाडीत चौथ्या गिअरकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक पाच गिअरच्या पिकअपमध्ये चौथा गिअर थेट असतो, म्हणजे ताकद काउंटर शाफ्टमार्फत (गिअरबॉक्समधील समांतर दांड्यामार्फत) न जाता सरळ पुढे जाते. बाकी गिअरमध्ये येणारा आवाज चौथ्यात जवळजवळ नाहीसा होत असेल, तर काउंटर शाफ्टची बेअरिंग पाहावीत. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्या गिअरचे दात पाहावेत.

जॉइंट शाफ्टवर मात्र वेळ घालवावा, कारण स्वस्तातले दोष बहुधा येथे असतात आणि महागड्या हाउसिंगवर आळ त्यांच्यामुळेच येतो. हाउसिंगमधील गिअरचे प्रमाण (चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या फेऱ्या) सुमारे 4:1 धरले, तर ताशी 60 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण 8 फेऱ्या मारते आणि शाफ्ट 32. म्हणून चाकाचा दोष संथ हेलकाव्यासारखा जाणवतो, तर शाफ्टचा दोष बारीक, झणझणीत थरथरीसारखा सीटमधून आणि फरशीतून येतो. क्रॉसच्या (शाफ्टच्या सांध्यातील चौफुलीच्या) बेअरिंगमधील सुया कोरड्या पडल्या की हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव ऐकू येते आणि ती गाडीच्या वेगाबरोबर जलद होत जाते. झीज पुढे गेली की पहिला गिअर टाकताना किंवा रिव्हर्समधून पुढे घेताना ‘ठक्’ असा एकच ठोका बसतो.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत आणि मगच गाडी न्यूट्रल करून खाली जावे. क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक (क्रॉसला धरणारे काटे) दोन हातांनी धरून विरुद्ध दिशेने पिळावेत आणि नंतर वर-खाली दाबून पाहावे. क्रॉसमध्ये जाणवेल इतकी ढील असता कामा नये. सुया बसवलेल्या कपाच्या कडेला विटकरी रंगाची गंजाची भुकटी दिसली, तर आत ग्रीस उरलेले नाही हे समजावे. ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) असेल तर जुने ग्रीस चारही कपांतून बाहेर येईपर्यंत गन मारावी, आणि एखाद्या कपातून ते बाहेरच येत नसेल तर क्रॉस बदलणे बरे. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये सेंटर बेअरिंगचे (शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या बेअरिंगचे) रबर फाटले की भरलेली गाडी उचलताना खालून धडधड होते आणि वेग घेतल्यावर ती नाहीशी होते. शाफ्ट काढण्याआधी जोडावर खडूने किंवा रंगाने खूण करणे ही पाच सेकंदांची गोष्ट आहे. ती टाळली आणि योक एका रेषेत बसले नाहीत, तर नव्या क्रॉसनेही गाडी थरथरते आणि दोष पुन्हा हाउसिंगच्या माथी मारला जातो.

भरलेल्या आणि रिकाम्या गाडीतला फरकही येथेच कळतो. माल भरला की मागचे पाटे दबतात, हाउसिंग वर येते आणि शाफ्टचा कोन बदलतो. त्यामुळे थरथर एकाच अवस्थेत येत असेल तर क्रॉस, पाट्यांचे बुश आणि पाटे हाउसिंगला बांधणारे यू-बोल्ट तपासावेत. ढिल्या यू-बोल्टचा ठोका आणि क्रॉसचा ठोका कानाला सारखेच लागतात.

हाउसिंगचा आवाज पायाने ओळखावा. गाडी एका वेगात ठेवून अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबावा, मग सोडावा. दाबल्यावर येणारी आणि सोडल्यावर बदलणारी ‘गुंई’ ही क्राउन-पिनियनच्या दातांची खूण आहे. पायाने फारसा फरक न पडणारी भरड घरघर बेअरिंगची असते. फक्त वळताना कटकट येत असेल तर आतले लहान गिअर पाहावेत. चाकाच्या बेअरिंगसाठी रिकाम्या रस्त्यावर गाडी सावकाश डावीकडे-उजवीकडे झुलवावी. डावीकडे वळताना आवाज वाढला तर बहुधा उजवे बेअरिंग, कारण भार त्या बाजूला जातो.

एवढे झाल्यावर हाउसिंगचे तेल काढावे. चुंबक असलेल्या ड्रेन प्लगवर करड्या रंगाची मऊ पेस्ट जमणे स्वाभाविक आहे, पण नखाला टोचणारे चकचकीत तुकडे निघाले तर गाडी पुढे चालवू नये. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या नाल्यातून गाडी काढली असेल आणि तेल दुधाळ दिसत असेल, तर तापलेले हाउसिंग थंड पाण्यात एकदम निवताना ब्रीदर (हवा जाण्याचे छिद्र) किंवा सीलमधून पाणी आत ओढले गेले आहे. नवे तेल गाडीच्या पुस्तिकेतील ग्रेडचेच भरावे; पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडावा म्हणून असलेली कडी) असलेल्या गिअरबॉक्सला बहुधा जीएल-4 आणि हायपॉइड (तिरप्या दातांच्या क्राउन-पिनियनच्या) हाउसिंगला जीएल-5 दर्जाचे तेल सांगितलेले असते, म्हणून दुकानात एकच डबा घेऊन दोन्हीकडे ओतण्याचा सल्ला ऐकू नये.

क्राउन-पिनियन बदलायचेच ठरले तर ती जोडी एकत्रच घ्यावी, कारण दोन्हींचे दात एकमेकांशी जुळवलेले असतात. बसवताना मिस्त्रीने दातांना रंग लावून ठसा पाहिला का आणि डायल गेजने (तबकडीच्या मापकाने) बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, मोजला का, हे समोर उभे राहून पाहावे. ज्या गॅरेजात डायल गेज नाही, तेथे हे काम देऊ नये.