पहिला टॉवर वळणावर

जागलीला मचाणावर बसलं की मोबाइलवर टॉवर डिफेन्सच्या दोन-तीन छोट्या लेव्हल सहज होतात. या गेममध्ये रस्त्यानं येणाऱ्या शत्रूला, गोळ्या झाडणारे टॉवर लावून, गेटाआधी अडवायचं असतं. आधी मी सगळे टॉवर शेवटच्या गेटजवळ लावायचो अन् हरायचो. रानडुक्कर तुरीत शिरल्यावर बोंबलून काय फायदा? त्याला धुऱ्यावरच अडवावं लागतं, तसंच हे. पहिला टॉवर रस्त्याच्या वळणात, आतल्या बाजूला लावा. शत्रू वळणाकडे येतानाही त्याच्या टप्प्यात असतो, वळून जातानाही. गेममधल्या तेवढ्याच पैशात गोळ्या जास्त बसतात. वेग कमी करणारा टॉवर तिथंच शेजारी. लेव्हल छोटी, त्यामुळे पैसा साठवत बसू नका. अन् गेम ऑफलाइन चालत असेल तर डेटा बंद ठेवा, जाहिरातींचा ताप बहुतेक जातो. टॉर्चसाठी 20 टक्के बॅटरी मात्र राखा. अंधारात मचाणावरून उतरायचं असतं.