उपासनेची गाणी कशी निवडावीत: एका पेटीवाल्याच्या वहीतून

रविवारी सकाळी नाशिकमध्ये शरणपूर रोडपासून देवळालीपर्यंतच्या चर्चवरून चक्कर मारलीत, तर चार तऱ्हेचं संगीत कानावर पडेल. कुठे पेटी-तबल्यावर भजन, कुठे चार आवाजांत इंग्रजी हिम (स्तुतिगीत), कुठे ड्रम-गिटार, तर कुठे नुसत्या टाळ्या. नवे पाळकसाहेब आले की पहिल्या महिन्यात विचारतातच, "आपल्याकडे यातलं कुठलं योग्य?" बरीच वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवतोय, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. माझं म्हणणं असं की शैली शेवटी ठरवायची. कोण गाणार, उपासनेत कुठे गाणार आणि कुठल्या पट्टीत गाणार, एवढं आधी नक्की करा. मग भांडायला फार थोडं उरतं.

पायरी 1: मागच्या बाकावर बसा

वाजवणाऱ्यांपैकी एकाला सलग तीन रविवार सुट्टी द्या आणि शेवटच्या बाकावर बसवा. त्याने फक्त बघायचं, कुठल्या गाण्याला किती ओठ हलतात. वाजवणाऱ्याला हे कळत नाही, त्याला स्वतःचंच ऐकू येत असतं. मलाही बोटाला टाके पडले म्हणून मागे बसावं लागलं, तेव्हा कळलं. त्या दिवशी तरुण संघाने यूट्यूबवरून उचललेलं गाणं होतं, तीन आठवडे तालीम केलेलं, वाजलंही झकास. शेजारच्या आजींनी दुसऱ्या कडव्याला चष्मा काढून पदराने पुसायला घेतला आणि गाणं संपेपर्यंत पुसतच राहिल्या. पुढचं गीत साध्या पेटीवर सुरू झालं. चष्मा तसाच मांडीवर, पुस्तक बंद, आणि आजी तिन्ही कडवी गायल्या.

याच तीन रविवारांत मंडळीत कोण कोण आहे तेही लिहून काढा. शरणपूरची, नगरकडून आलेली जुनी मराठी घराणी, नोट प्रेसमधले, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले, देवळालीच्या लष्करी वसाहतीतले मल्याळी-तमिळ, पेठ-सुरगाण्याहून आलेले आदिवासी. प्रत्येकाच्या कानात लहानपणचं काही ना काही आहे. यादी झाली की निम्म्या मंडळीला ठाऊक असलेली वीसेक गाणी सापडतातच. तो तुमचा पाया, त्याला हात लावू नका.

पायरी 2: उपासनेचा क्रम समोर ठेवा

एकच गाणं प्रवेशाला शोभतं आणि प्रभुभोजनाला विचित्र वाटतं. प्रवेशाला चाल हवी, उभं राहून गाता येईल अशी. पापांगीकारानंतर संथ, एक-दोन ओळींचं. प्रभुभोजनाच्या वेळी माणसं रांगेत चालत असतात, हातात पुस्तक धरता येत नाही. तिथे छोटं ध्रुवपद असलेलं गीत निवडा, कडवी क्वायरने (गायकवृंदाने) म्हणावीत.

कॅथलिक चर्चमध्ये काही गोष्टी आवडीवर सोडलेल्या नाहीत. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आलेलूया गात नाहीत, त्यातल्या रविवारी ग्लोरिया हे गौरवगीतही नसतं, आणि वाद्यं फक्त गाण्याला आधार देण्यापुरती. नाताळाआधीच्या आगमनकाळातही रविवारचं ग्लोरिया गळतं, ते नाताळच्या मिस्सेला परत येतं म्हणून तर तेव्हा गोड लागतं. देशी संगीताबद्दल कुणी नाक मुरडलं तर त्यांना सांगा, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने ग्रेगोरियन (जुन्या लॅटिन) गायनाला मानाचं स्थान दिलंच, पण लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य जागा द्यावी असंही म्हटलं आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत इतके नियम नाहीत, म्हणूनच तिथे क्रम कागदावर लिहून घेणं जास्त गरजेचं.

पायरी 3: गाणं न गाता वाचा

चाल बाजूला ठेवून शब्द मोठ्याने वाचा. वाचताना लाज वाटली किंवा अर्थ लागला नाही, तर चाल कितीही गोड असो, ते गाणं नको. कलस्सैकरांस पत्राच्या 3:16 मध्ये स्तोत्रे, गीते आणि आध्यात्मिक प्रबंध असे तीन शब्द आहेत. यादी करताना ते डोळ्यासमोर ठेवा. सगळीच "मी, माझा, मला" अशी गाणी होत असतील तर एखादं दाविदाचं स्तोत्र घाला.

दुसरी तपासणी कानाची. इंग्रजी चालीवर बसवलेल्या मराठी शब्दांत ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर आला की "पवित्र"चं "पाऽवित्र" होतं. मुलं हसतात, मोठी माणसं गिळून टाकतात. ओवी-अभंगाच्या वजनावर रचलेल्या गीतात हा त्रास सहसा होत नाही. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजनं आणि अभंग लिहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. म्हणजे भजन ही "नवी देशी फॅशन" आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. तसंच शंभर-सव्वाशे वर्षं इथल्या घराघरांत गायलेलं हिम "परकं" म्हणून काढून टाकणंही चुकीचं. ते आता इथलंच झालं आहे.

पायरी 4: पट्टी

निवडीत सगळ्यात जास्त माती इथे होते, आणि दोष मात्र शैलीला लागतो. रेकॉर्डिंगमधल्या गायकाचा गळा तयार असतो, त्याची पट्टी जशीच्या तशी उचलू नका. बायका आणि पुरुष एका सप्तकाच्या अंतराने एकत्र गातात. बायकांच्या अंगाने मोजलं, तर चालीतला सर्वांत वरचा सूर मधल्या सप्तकाच्या वरच्या पांढरी दोनपर्यंत ठेवा, सर्वांत खालचा मधल्या सप्तकाच्या खालच्या काळी पाचपर्यंत.

गणित सोपं आहे. चाल तार षड्जाशी (वरच्या सा-शी) थांबत असेल तर सा पांढरी एक किंवा काळी एकला धरा. तार गंधारापर्यंत (वरच्या ग-पर्यंत) चढत असेल तर सा खालच्या काळी पाचला आणावा लागेल, म्हणजे तो गंधार बरोबर पांढरी दोनवर येतो. याहून मोठा पल्ला असलेली चाल क्वायरला द्या, मंडळीला नको. सकाळी आठच्या उपासनेला आणखी अर्धा सूर उतरवा, गळे उघडलेले नसतात. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आहे, पेटी स्केलचेंजर असेल तर पट्टी सरकवा. "माझा हात याच पट्टीत बसलाय" ही वादकाची सबब ऐकून घेऊ नका. मी स्वतः ती बरीच वर्षं देत आलो.

पायरी 5: ठेका आणि वाद्यं

चार-चारच्या वजनाची गाणी केरव्यात बसतात, तीन-तीनच्या वजनाची दादऱ्यात. नाताळची पाळण्याची गीतं दादऱ्यात किती सहज झुलतात ते वाजवून बघा. भजनी ठेका धरलात तर लय वाढवत नेण्याचा मोह आवरा. शेवटच्या कडव्याला तबलजी एकटाच पुढे निघून जातो.

ड्रमसेटला माझा विरोध नाही, पण आपल्याकडच्या जुन्या दगडी चर्चमध्ये आवाज घुमतो आणि शब्द ऐकू येईनासे होतात. तिथे कॅहॉन (बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) किंवा ढोलकी पुरते. झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) मिरवणुकीत उलटं होतं. रस्त्यावर गिटार तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही, ढोलकी आणि झांजाच हव्यात. डफ आणि झांजा दोन्ही 150 व्या स्तोत्रात आहेत, त्यामुळे वरिष्ठांची परवानगी मिळायला अडचण येत नाही.

नाजूक भाग असा की काही वाद्यांना आठवणी चिकटलेल्या असतात. संबळ म्हटलं की अनेकांना देवीचा गोंधळ आठवतो, पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) म्हटली की डोंगऱ्या देवाचा उत्सव. शहरातल्या उत्साही माणसाला वाटतं, आदिवासी बांधवांसाठी पावरी आणू या. आधी त्यांनाच विचारा. काहींना ती हवी असते, काहींना ती ऐकून मागे सोडलेलं सगळं आठवतं. हा निर्णय त्यांचा, संगीत समितीचा नाही.

आणि कबरस्थानात प्लग नसतो. वाद्याशिवाय, पुस्तकाशिवाय, वाऱ्यात गाता येतील अशी पाच गीतं मंडळीला तोंडपाठ हवीतच.

पायरी 6: नवं गाणं महिन्याला एकच

पहिल्या रविवारी उपासना सुरू होण्याआधी पाच मिनिटं, वाद्याशिवाय, ओळीमागून ओळ शिकवा. मग सलग तीन रविवार तेच घ्या. चौथ्या आठवड्यात मंडळी पुस्तकातून मान वर करून गात असेल तर ठेवा, नाहीतर खुशाल सोडून द्या. तरुणांना राग येईल. त्यांच्यातल्याच एकाला मागच्या बाकावर पाठवा.

परवानगीचंही बघून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं गायला सूट आहे, पण तेच पुस्तिकेत छापणं किंवा रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवणं वेगळं. तिथे हक्कदाराला विचारावं लागतं. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. टिळक 1919 मध्ये वारले, त्यामुळे त्यांचे शब्द मोकळे आहेत, मात्र अलीकडे कुणी दिलेली चाल मोकळी असेलच असं नाही.

राहिली वही. पाच रकाने आखा: गीत, पट्टी, ठेका, उपासनेतली जागा आणि शेवटचं कधी गायलं ती तारीख. पेन्सिलीने लिहा, पट्ट्या बदलतात. आणि वही पेटीच्या खोक्यातच ठेवा. आमची पहिली कुणीतरी "झेरॉक्स काढून आणतो" म्हणून घरी नेली, तिला आता अकरा वर्षं झाली.